आडनाव कापू नकोस

अनेक आशीर्वाद.

नटांना कामं मिळवून देणाऱ्या लंडनच्या एजंटाने तुला सांगितलं, आडनाव इंग्रजांच्या जिभेला पेलेल असं कर, नाकाचंही काहीतरी बघ. आणि तू चक्क विचारात पडलास! आडनाव कापू नकोस. नाकाला हात लावू नकोस.

इंग्लिश नट पीट पॉसलथ्वेट. नाव म्हणून बघ एकदा. तुझ्या आडनावाहून अवघड आहे. त्यालाही सोपं नाव घ्यायचा सल्ला मिळाला होता, त्याने तो धुडकावला. वॉरिंग्टनचा, कामगार घरातला, गालांची हाडं बाहेर आलेली. आधी शिक्षक, मग ब्रिस्टल ओल्ड विकची नाट्यशाळा, मग सत्तरच्या दशकातलं लिव्हरपूलचं एव्हरीमन थिएटर. सिनेमात दखल घेतली गेली ती १९८८ च्या ‘डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज’मुळे, बेचाळिसाव्या वर्षी. तू पंचविशीत रडतोयस.

कृष्णा भानजीचा बेन किंग्जली झाला आणि त्याचं भलंच झालं, असं तू म्हणशील. झालं, नाकारत नाही. स्कॉटिश नट डेव्हिड टेनंटनेही नाव बदललं, पण का? इक्विटी या कलाकार संघटनेत डेव्हिड मॅकडोनल्ड आधीच होता, आणि एकाच व्यावसायिक नावाचे दोन सभासद तेव्हा तिथे चालत नसत. तुझ्या आडनावाचा तिथे दुसरा कोण निघणार आहे? कापू नकोस. मला हेकट म्हणतात, म्हणोत. गुळगुळीत करून घेतलेले चेहरे बघून बघून हा हेका आलाय, आणि तो सोडावा असं मला अजून वाटलेलं नाही.

दुखणं वेगळंच आहे. ऑडिशनच्या टेपच्या सुरुवातीला नाव सांगताना तू आडनाव गिळतोस आणि वर ओशाळं हसतोस. ऐकणाऱ्याला वाटतं, यालाच ते नकोसं आहे. आडनावाचे तीन तुकडे पाड, शेवटच्या तुकड्याला आवाज खाली जाऊ देऊ नकोस, म्हणून झालं की एक क्षण गप्प राहा. हसू नकोस.

आता श्वासाचं, कारण तुझं म्हाताऱ्याचं काम कच्चं आहे. ‘इन द नेम ऑफ द फादर’ (१९९३) बघ. पॉसलथ्वेट डॅनियल डे-लुईसचा बाप झालाय. दोघांत खरं अंतर अकरा वर्षांचं. पाठ वाकवून, हात थरथरवून हे जमलं नसतं. त्या बापाची, जुझेप्पे कॉनलनची, छाती अधू आहे, बोलणं हळू, आणि तो आवाज क्वचितच चढवतो. सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन त्या कामाला मिळालं. मग लगेच ‘ब्रास्ड ऑफ’ (१९९६) लाव. यॉर्कशरच्या खाणगावातला बँडमास्टर डॅनी, त्याचीही फुफ्फुसं गेलेली. पण हा कोसळेपर्यंत दुखणं लपवतो, ताठ उभा राहतो, हुकूम सोडतो. छातीचं दुखणं दोघांनाही, माणसं मात्र दोन. हे चेहऱ्याच्या काटछाटीतून येत नाही रे!

आठ ओळींचा उतारा घे. स्वस्थ बसून वाच, श्वास घेतोस तिथे पेन्सिलने खूण कर. मग दोन जिने भरभर चढ आणि वर पोचताच तोच उतारा म्हण, फोनवर रेकॉर्ड करून. ऐकताना दुसऱ्या खुणा लाल पेनाने कर. त्या वाक्य संपण्याआधीच, भलत्या जागी पडलेल्या दिसतील. आता जिने न चढता लाल खुणांवर श्वास घेऊन म्हण. सगळ्या ठेवल्यास तर दम्याची नक्कल होईल, म्हणून तीन-चारच ठेव: जिथे विचार अर्धवट आहे आणि माणसाला थांबायचं नाहीये तिथल्या. खोकला वाक्याच्या शेवटी टाकू नकोस, तो पूर्णविरामासारखा वाटतो. महत्त्वाच्या शब्दावरही नको, शब्दच ऐकू येत नाही. त्या शब्दाच्या किंचित आधी यायला हवा, म्हणजे प्रेक्षक शब्दाची वाट बघतो.

रविवारपर्यंत दोन्ही टेप पाठव, जिना चढून केलेली आणि न चढता केलेली. कॅमेरा छातीपर्यंत, नजर लेन्सच्या किंचित बाजूला.