महिना बारा हजार आणि दोन वर्षांचा करार

‘मुलगा म्हणतो, गेमिंगमध्येच करिअर करणार. यात खरंच पैसा आहे, की आम्हाला गुंडाळतोय?’ दहावी-बारावीच्या मुलांचे आईवडील आजकाल हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात. काही वर्षांपूर्वी हेच लोक विचारायचे, ‘व्यसन लागलंय का?’ आता व्यसनाची चौकशी नंतर होते, पैशाची आधी. मला हा बदल बरा वाटतो. व्यसनाच्या शंकेवर घरात भांडण होतं. पैशाचा हिशोब निदान मुलाला शेजारी बसवून मांडता येतो.

सोहमची गोष्ट २०२५च्या गणपतीनंतरची. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत. पुण्यातल्या वडगाव बुद्रुकचं कुटुंब, वडील चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला, आई पतपेढीत. मुलगा बारावी सायन्सला, जेईईच्या क्लासची दोन वर्षांची फी भरून झालेली. क्लास टेस्टचे मार्क घसरलेले, झोप रात्री दोन-अडीचनंतर. खेळायचा बीजीएमआय, म्हणजे पबजीवर बंदी आल्यावर २०२१मध्ये क्राफ्टन कंपनीने भारतासाठी आणलेला खेळ. त्यात अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. सोहमने खात्यावर वय वीस टाकलं होतं. ‘सगळेच टाकतात, मॅडम.’

व्यसनाचं आधी उरकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२पासून लागू झालं, गेमिंग डिसऑर्डरच्या तीन खुणा दिल्या आहेत: खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकीच्या आवडी आणि रोजचे व्यवहार मागे पडणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं वाढत जाणं. तेही साधारण वर्षभर टिकलेलं असावं लागतं. सोहम जुलैपासून ढोल पथकात होता. संध्याकाळी नदीपात्रात सराव असायचा आणि त्यासाठी त्याने कितीतरी स्क्रिम्स बुडवल्या होत्या. स्क्रिम्स म्हणजे संघासंघांतले सरावाचे सामने. स्क्वॉडने, म्हणजे त्याच्या संघाने, त्याला त्यावरून शिव्या घातल्या होत्या. ताबा सुटलेला मुलगा ढोलासाठी लॉबी, म्हणजे जमलेला सामना, सोडून जात नाही. झोपेची तक्रार मात्र खरी होती. ती आम्ही वेगळी हाताळली, इथे लांबवत नाही.

वडिलांचं पहिलं वाक्य होतं, ‘पण हे सगळं ऑगस्टमध्ये सरकारने बंद केलं ना?’ हा घोळ बऱ्याच घरांत आहे. ऑगस्ट २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंद झाले ते पैसे लावून खेळायचे खेळ. ऑनलाइन रमी आणि पैसे लावून संघ निवडायचे फॅन्टसी खेळ त्यात आले. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, त्याच कायद्याने वेगळं काढून मान्यता दिली. बहुविध क्रीडास्पर्धांचा भाग म्हणून सरकारने त्यांना डिसेंबर २०२२मध्येच क्रीडा मंत्रालयाकडे सोपवलं होतं. फक्त, पन्नास-शंभर रुपये भरून जिंकणाऱ्याने सगळे उचलायचे अशा ज्या लॉबी टेलिग्रामवर चालतात, त्यांना ई-स्पोर्ट्स म्हणत नाहीत. सोहम हे ऐकून थोडा वेळ गप्प झाला. मी पुढे खणलं नाही.

तो तयारी करून आला होता. मोबाइलमध्ये चक्क स्लाइड्स. २०१९मध्ये फोर्टनाइटचा विश्वचषक जिंकून सोळा वर्षांच्या अमेरिकन मुलाने मिळवलेले ३० लाख डॉलर. २०२१च्या ‘द इंटरनॅशनल’ या डोटा २ नावाच्या गेमच्या स्पर्धेची एकूण बक्षिसं, ४ कोटी डॉलरच्या वर. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, प्रात्यक्षिक प्रकारात का होईना, भारताच्या तीर्थ मेहताचं ई-स्पोर्ट्समधलं कांस्यपदक. बीजीएमआयच्या राष्ट्रीय स्पर्धेचे २ कोटी रुपये. सगळे आकडे बरोबर होते. आईवडील अशा वेळी ‘हे सगळं खोटं आहे’ म्हणतात, आणि मुलगा तिथेच त्यांना मोजायचं सोडून देतो.

मी त्याला एवढंच विचारलं, की त्या डोटाच्या स्पर्धेचा २०२३चा आकडा काय? त्याने तिथेच शोधला. ३० लाख डॉलरच्या थोडं वर. दोन वर्षांत ४ कोटींवरून इथे. खेळाडू काही वाईट खेळायला लागले नव्हते. बक्षिसाची बहुतेक रक्कम चाहत्यांच्या खिशातून यायची. कंपनी दरवर्षी खेळात ‘बॅटल पास’ विकायची आणि त्यातला चौथा हिस्सा बक्षिसात घालायची. २०२३मध्ये कंपनीने तो पास त्या रूपात आणला नाही, एवढंच.

इथपासून आमचं बोलणं खरं सुरू झालं. क्रिकेट कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. उद्या एखादी लीग बुडाली तरी मैदानावर खेळ चालू राहतो. व्हिडिओ गेम ही कंपनीची मालमत्ता असते. स्पर्धा कोण भरवणार, नियम कधी बदलणार, खेळ चालू ठेवायचा की नाही, हे तीच ठरवते, आणि तिच्यावर सरकार. जून-जुलै २०२२मध्ये बीजीएमआयची स्पर्धा पहिल्यांदा स्टार स्पोर्ट्सवर लागली. अंतिम सामन्यांनंतर दोन आठवडेही झाले नव्हते, तोच २८ जुलैला खेळ प्ले स्टोअरवरून गायब झाला. परतला मे २०२३मध्ये. ते दहा महिने चांगल्या चांगल्या संघांनी अधिकृत स्पर्धेविना काढले. ज्यांच्या यूट्यूब चॅनेलला प्रेक्षक होते ते तरले. पगार देणाऱ्या संघमालकांना, ज्यांना ही मुलं ‘ऑर्ग’ म्हणतात, पैसा बक्षिसांतून फारसा मिळत नाही. तो जाहिरातदारांकडून येतो, मोबाइल कंपन्या, हेडफोनवाले, एनर्जी ड्रिंकवाले. जाहिरातदार नेमबाजीचे पैसे देत नाही, बघणाऱ्यांचे देतो. आणि बघणारे असूनही सगळं जमतंच असं नाही. अमेरिकेतला फेझ क्लॅन हा संघ २०२२मध्ये नॅस्डॅक शेअर बाजारात आला तेव्हा त्याची किंमत साडेबाहत्तर कोटी डॉलर धरली होती. पुढच्याच वर्षी तो २ कोटी डॉलरहून कमी किमतीला विकला गेला.

‘तुझ्याकडे काही लेखी आलंय का?’ मी विचारलं. आईवडिलांना माहीत नव्हतं, पण आलं होतं. डिस्कॉर्ड या गेमर्सच्या चॅट ॲपवरून एका छोट्या ऑर्गने पाठवलेली करारनाम्याची पीडीएफ. माझ्या अनुभवात ही पीडीएफ अनेकदा असते आणि घरात कुणी वाचलेली नसते.

महिना १२ हजार मानधन. मुदत दोन वर्षं. बक्षिसातला ३० टक्के वाटा ऑर्गचा, त्याच्या स्वतःच्या चॅनेलच्या कमाईतला निम्मा. मुदतीआधी सोडलं तर ५ लाख भरायचे. आणि आत एक कलम होतं: खेळ भारतात उपलब्ध नसेल त्या काळात मानधन थांबेल. करार मात्र चालूच राहील. २०२२वरून धडा घेऊनच ते कुणीतरी लिहिलं असावं. बंदी आली तर मुलाला पगार नाही, दुसऱ्या खेळात दुसऱ्या संघाकडे जायची मोकळीकही नाही.

वडिलांनी कॅल्क्युलेटर काढला. माणूस आकड्यांत रमणारा. समजा, संघाने १० लाख जिंकले. कर तीस टक्के धरला तर उरले ७ लाख. ऑर्गचे २ लाख १० हजार गेले. ४ लाख ९० हजार पाच जणांत. ९८ हजार. ‘आणि अशी स्पर्धा वर्षातून कितीदा जिंकतात?’ त्यांनी सोहमला विचारलं. उपहास नव्हता, खरंच विचारत होते. सोहम म्हणाला, ‘टिअर टूमध्ये, म्हणजे दुसऱ्या फळीत? एकदाही नाही, बाबा.’

आता आईला वाटलं, काम झालं, मुलगा सुधारला. नव्हतं झालं. भारतीय करार कायद्याप्रमाणे, तो १८७२चा आहे, अल्पवयीन मुलाची सही चालत नाही. म्हणूनच ऑर्गने वडिलांचीही सही मागितली होती, म्हणजे ५ लाखांची टांगती तलवार वडिलांवर. पण सोहम डिसेंबरमध्ये अठराचा होणार होता. तेव्हा तो एकटा सही करू शकला असता. ‘आम्ही नाही म्हणतो’ या वाक्याची मुदत तीन महिन्यांत संपत होती, हे मी त्यांना त्याच्यासमोरच सांगितलं. आईला ते आवडलं नाही. जाताना दारात म्हणाल्या, ‘त्याला कशाला सांगितलंत?’ त्याला ते आधीपासून ठाऊक होतं.

आणखी एक. अशा वेळी पालक तडजोड म्हणून ‘मग गेम डेव्हलपमेंट कर’ म्हणतात. पुण्यात ते काम आहेही. युबिसॉफ्टचा स्टुडिओ इथे २००८पासून आहे, इंडस हा गेम बनवणारी सुपरगेमिंग कंपनी इथलीच. पण चुरशीचं वेड असलेल्या मुलाला कोडिंगची किंवा टेस्टिंगमध्ये गेममधली एकच भिंत शंभरदा तपासायची आवड असेलच असं नाही. मी तो पर्याय लाडूसारखा हातावर ठेवत नाही.

ओळखीच्या वकिलाकडून करार वाचून घ्यायला मी त्यांना पाठवलं. त्यानंतर सोहमनेच ऑर्गला तीन बदल सुचवले: मुदत एक वर्ष, खेळ बंद झाला तर करारही संपणार, वडिलांची सही नाही. त्यांनी पहिला मानला, बाकीचे दोन नाही. मग आठवडाभर घरात कुणाशी न बोलता त्याने नकार कळवला. गंमत म्हणजे वाईट वडिलांना जास्त वाटलं. तोवर ते रात्री जेवताना त्याच्याबरोबर सामने बघायला लागले होते आणि कुठल्या संघाचं रोटेशन, म्हणजे नकाशावरची हालचाल, चुकलं यावर मतंही देत होते.

जेईई त्याने सोडली. त्यावर वडिलांशी दोन दिवस खडाजंगी झाली, क्लासची फी परत मिळणार नव्हती. बारावी आणि सीईटी ठेवली. स्क्रिम्स रात्री अकराला थांबवायच्या, हे त्यानेच ठरवलं आणि बरेचदा पाळलं. आता तो चार जुन्या मित्रांबरोबर ऑर्गशिवाय खेळतो, कुणालाही उतरता येतं अशा खुल्या पात्रता फेऱ्यांत. संघ कधी पुढे जातो, कधी पहिल्याच दिवशी बाहेर.

अलीकडे वडिलांचा फोन आला. एका लहान स्पर्धेत संघाला बक्षीस मिळालंय, सोहमच्या वाट्याला साडेपाच हजार. ते आईच्या खात्यावर मागवले तर चालेल का? मी म्हटलं, तो अठराचा झालाय, त्याच्या नावाचं खातं उघडा, पॅन कार्ड काढा आणि कापलेल्या कराचं पत्र आयोजकांकडून मागून घ्या. ते त्याला स्वतःलाच मागू द्या.