कडुनिंबाखाली कळलावी

प्रश्न : अंगणातल्या कडुनिंबाखाली कळलावी या फुलवेलीचे कंद लावले होते. दोन वर्षं झाली, एकही उगवला नाही. काय चुकतंय? (एक वाचक, जि. यवतमाळ)

उत्तर : बहुधा दोन गोष्टी. कळलावीचा कंद नांगराच्या फाळासारखा दुबेळका असतो आणि कोंब फक्त टोकांनाच असतो. टोक मोडलं की उरलेला कंद कितीही टपोरा असो, उगवत नाही. दुसरं म्हणजे आपली काळी माती. ती पाणी धरून ठेवते आणि कंद सडतो. म्हणून वीतभर उंच वाफा करा. माती, जाड रेती, कुजलेलं शेणखत सारखं घ्या. मृगाच्या तोंडावर कंद आडवा, २ ते ३ इंच खोल, फूटभर अंतराने लावा. वेल पानांच्या टोकांनी धरून चढते, त्यामुळे बारीक तुराट्याच रोवा. जाड बांबू तिला धरता येत नाही. गर्द सावलीत फुलं कमी येतात, कवडशाचं ऊन हवंच. वेल वाळली की पाणी बंद. कंद जमिनीतच राहू द्या.

सगळं झाड विषारी, कंद आणि बी सर्वांत जास्त. हातमोजे घाला, गोठ्याजवळ, लेकरांच्या खेळण्याच्या जागी लावूच नका. जंगलातून उपटून तर मुळीच आणू नका, रोपवाटिकेतूनच घ्या.