छेद आधी बघ

अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता मिळाला. एमबीएच्या अकरा संस्था, प्रत्येकीसमोर प्रवेशाचा दर, आणि सगळ्यात कमी दराची संस्था सगळ्यात वर. खाली तू विचारलंयस, वरच्या तीन नावांवर काट मारू का? इतक्यात मारू नकोस. तक्ता ज्या रकान्यावर लावलायस तो रकानाच कच्चा आहे.

दर म्हणजे शेवटी शाळेतला अपूर्णांक. वर जागा, खाली अर्ज. आपण अंशाकडे बघत राहतो आणि घोळ सगळा छेदात असतो. तू आयआयएम अहमदाबादपुढे 0.14 टक्के लिहिलंयस आणि हार्वर्डपुढे 9. यावरूनच ‘अहमदाबाद हार्वर्डपेक्षा अवघड’ हा मेसेज पुन्हापुन्हा फिरत असतो. आता 0.14 कसा आला ते बघ. 2024 च्या कॅटला, म्हणजे आयआयएमच्या प्रवेशपरीक्षेला, सुमारे 2 लाख 93 हजार जण बसले आणि अहमदाबादच्या दोन वर्षांच्या मुख्य अभ्यासक्रमाला सुमारे 400 जागा आहेत. भागाकार बरोबर आहे, पण भागलंय भलत्याच आकड्याने. कॅटचा फॉर्म एकच. 2024 ला त्याचं शुल्क खुल्या प्रवर्गाला 2,500 रुपये होतं, आणि फॉर्मवर एका आयआयएमवर खूण केली काय किंवा सगळ्यांवर केली काय, पैसे तेवढेच. मग अहमदाबादवर खूण करायला कुणाचं काय जातं? मित्राने भरला म्हणून फॉर्म भरणारा, ऑगस्टमध्ये क्लास सोडून दिलेला, नुसता अंदाज घ्यायला बसलेला, सगळे त्या 2 लाख 93 हजारांत आहेत. हार्वर्डच्या अर्जाला 250 डॉलर लागतात, वर जीमॅट किंवा जीआरई या परीक्षेचे गुण, निबंध आणि दोन शिफारसपत्रं. ज्याची तयारी नाही तो अर्जापर्यंत पोचतच नाही. तिथली चाळणी अर्जाच्या आधीच लागलेली असते, आपल्याकडे ती कॅटच्या दिवशी, नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी लागते. म्हणून हे दोन दर शेजारी मांडायचेच नाहीत.

छेद किती लहरी असतो ते स्टॅनफर्डच्या आकड्यांत छान दिसतं. 2023 ला दाखल झालेल्या तुकडीसाठी 6,190 अर्ज आले आणि 431 जणांनी प्रवेश घेतला. पुढच्याच वर्षी अर्ज 7,295 झाले आणि प्रवेश 424. भागाकार केला तर 7 टक्क्यांवरून 5.8. हार्वर्डचंही तसंच: अर्ज 8,264 वरून 9,856 वर गेले, विद्यार्थी 938 चे 930 झाले. एका वर्षात ना अभ्यासक्रम पालटला, ना प्राध्यापक. नोकऱ्यांचा बाजार थंडावला की माणसं शिक्षणाकडे वळतात, अर्ज वाढतात आणि दर घसरतो. बाजार तापला की उलटं. त्यामुळे एकाच वर्षाचा दर कधी घेऊ नकोस, निदान तीन वर्षांचे आकडे ओळीने मांड.

आणखी एक गफलत तुझ्या तक्त्यात झालीय. वरच्या आकड्यांत मी ‘प्रवेश घेतला’ म्हटलंय. काही संस्थांपुढे तू हा आकडा धरलायस आणि काहींपुढे ‘निवड झाली’ हा. दोन्ही वेगळे. समजा 1,000 अर्ज आले आणि जागा 60 आहेत. एका संस्थेने निवडलेल्यांपैकी निम्मेच येतात, म्हणून ती 120 जणांना पत्रं पाठवते. दर 12 टक्के. दुसरीकडे दहातले नऊ येतात, तिला 67 पत्रं पुरतात. दर 6.7. अर्ज तेवढेच, जागा तेवढ्याच, फक्त दुसरीकडे निवड झालेला माणूस सहसा मागे फिरत नाही. निवडलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष येतात हा आकडा, माझ्या मते, प्रवेशाच्या दरापेक्षा पुष्कळ बोलका आहे. दोन संस्थांची पत्रं हातात असलेला विद्यार्थी कुठे जातो, हे त्यातून कळतं.

अर्ज वाढवणं सोपं असतं, हेही ध्यानात ठेव. शुल्क माफ केलं, परीक्षेची अट शिथिल केली की छेद फुगतो आणि दर आपोआप देखणा होतो. ‘180 जागांसाठी 50,000 अर्ज’ अशी जाहिरात दिसली की त्या संस्थेला एवढंच विचार: पत्रं किती पाठवली आणि आले किती?

आता तुझ्यापुरतं बोलू. पर्सेंटाइल म्हणजे प्रवेशाची शक्यता नव्हे. 2024 च्या संख्येत 99 पर्सेंटाइल म्हणजे तुझ्यापुढे सुमारे 2,900 जण, आणि 99.9 म्हणजे सुमारे 290. सगळ्या आयआयएम मिळून जागा पाच हजारांवर आहेत, म्हणून 99 ला कुठे ना कुठे बोलावणं येईल असं वाटतं. ते येतंही, पण कुठून येईल हे कॅट एकटी ठरवत नाही. दहावी, बारावी आणि पदवीचे गुण, अनुभव, विद्याशाखा, मुलगी असणं, यांपैकी कशाला किती वजन द्यायचं हे प्रत्येक आयआयएम आपापलं ठरवते. तुझे दहावीचे 91 आणि बारावीचे 74 आहेत. जिथे बारावीला वजन जास्त तिथे 99.5 असूनही पत्र येईलच असं नाही, आणि जिथे कमी तिथे 98.5 लाही येऊ शकतं. वाणिज्य शाखा आणि मुलगी असणं या दोन्ही गोष्टी बऱ्याच ठिकाणी तुझ्या बाजूने जातात. प्रत्येक आयआयएम दर मोसमाला निवडपद्धतीची पीडीएफ काढते. त्यातलं गुणांचं कोष्टक काढून स्वतःचे गुण हाताने मांड. तासाभराचं काम आहे, पण करणारे फार थोडे.

जागाही तुझ्यापुरत्या मोज. ओबीसी 27, एससी 15, एसटी 7.5, ईडब्ल्यूएस 10 टक्के, आणि दिव्यांगांचं 5 टक्के समांतर आरक्षण या सगळ्यांतून. राखीव नसलेल्या जागा 40.5 टक्के उरतात, म्हणजे 400 तल्या साधारण 162. तू खुल्या प्रवर्गातून अर्ज करणार आहेस, तेव्हा तुझा अंश 162 आहे आणि त्या जागांवर स्पर्धा सगळ्यांचीच असते. छेद म्हणून मुलाखतीला बोलावलेल्यांची संख्या घे. ती संकेतस्थळावर नसेल तर आयआयएमकडे माहिती अधिकाराखाली अर्ज करता येतो: शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. प्रवर्गनिहाय बोलावणी, निवडपत्रं आणि प्रतीक्षायादी कुठवर सरकली, हे तिन्ही एकाच अर्जात मागून घे. प्रतीक्षायादीचा आकडा सोडू नकोस. वरचे तेच ते विद्यार्थी चार-पाच ठिकाणी निवडले जातात आणि एकाच ठिकाणी जातात, म्हणून मेमध्ये यादी बरीच खाली येते. पहिल्या यादीत नाव नाही म्हणून घाईने दुसरीकडे मोठी रक्कम भरून बसणारे दरवर्षी असतात.

आता मुंबईची जमनालाल बजाज संस्था. तिथे एमएमएसच्या, म्हणजे एमबीएसारख्याच अभ्यासक्रमाच्या, 120 जागा आहेत आणि तू त्यांना सीईटीला, म्हणजे राज्याच्या प्रवेशपरीक्षेला, बसलेल्या सगळ्यांनी भागलंयस. तो आकडा खोडून टाक. राज्याच्या कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत कुणी एका संस्थेकडे अर्ज करत नाही, गुणवत्ता क्रमांक आणि ऑप्शन फॉर्म (कॉलेजांचा पसंतीक्रम) यांवर जागा मिळते. तिथे दराऐवजी सीईटी कक्षाची मागच्या वर्षांची कटऑफ यादी उघड. फेरी कोणती, जागा कोणत्या प्रकारची आणि शेवटचा गुणवत्ता क्रमांक किती, एवढं उतरवून घे. सीईटीचा पेपर 200 प्रश्नांचा, 150 मिनिटांचा, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तेव्हा शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या सगळ्या प्रश्नांना अंदाजाने उत्तर द्यायचं, एकही कोरा ठेवायचा नाही. कॅटमध्ये मात्र उत्तराचे पर्याय दिलेला प्रश्न चुकला की एक गुण जातो, तिथे ही सवय नको.

ऑप्शन फॉर्म भरताना क्रम आवडीचा लाव, ‘मिळेल’ वाटण्याचा नको. वरचं कॉलेज मिळालं नाही तर यंत्रणा खालच्याकडे जाते, तुझा क्रमांक त्याने घसरत नाही. उलट हमखास मिळेल असं कॉलेज पहिलं टाकलंस आणि पहिल्या फेरीत तेच मिळालं, तर ती जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांत तुझं नाव नसतं.

तक्ता नव्याने मांडताना रकाने असे घे: तुझ्या प्रवर्गातल्या जागा, बोलावणी, निवडपत्रं, प्रत्यक्ष आलेले, यादी कुठवर सरकली, एकूण खर्च, आणि पगाराचा मध्यक, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. सरासरी नको, दोन-चार मोठे पगार तिला वर ओढतात. मध्यकाशेजारी तुकडीतल्या किती जणांचे पगार मोजलेत तेही लिही, कारण तिथेही छेद असतोच. वरच्या तीन संस्थांच्या ओळी आधी भर आणि तेवढ्याच मला पाठव.