हंगामी भाज्या-फळं खाल्ल्याने म्हातारपणी स्मरणशक्ती टिकते का?

हमी कुणीच देऊ शकत नाही. पालेभाज्या, बेरीवर्गीय फळं, मासे, सुकामेवा यांवर भर देणाऱ्या 'माइंड' आहाराचा 2015 मध्ये मेंदू जपणारा आहार म्हणून बराच गाजावाजा झाला. पण 2023 मध्ये आलेल्या 604 जणांच्या तीन वर्षांच्या चाचणीत, नेहमीचंच पण थोडं कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत ठळक फरक दिसला नाही. तीन वर्षं हा तसा थोडाच काळ, हेही खरं.

तरी मी हंगामी खाण्याच्या बाजूने आहे. पालेभाजी साठवली की तिच्यातलं फोलेट (एक ब-जीवनसत्त्व) कमी होत जातं, आणि मोसमात ती ताजी नि स्वस्त मिळते. थंडीत मेथी, चाकवत, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू. ब्लूबेरी कशाला हवी? जांभळाचा, करवंदाचा गडद रंगही ब्लूबेरीसारखाच, अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, फक्त महिनाभर मिळतात तेव्हा खाऊन घ्या. मासे चालत असतील तर पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर येणारा बांगडा ओमेगा-3 या उपयुक्त स्निग्धाम्लासाठी उत्तम (तळण्यापेक्षा तिखलं करा). शाकाहारी असाल तर जवसाची चटणी, पण तिच्यातला ओमेगा-3 वेगळ्या प्रकारचा असतो, शरीर त्याचा थोडाच भाग माशातल्यासारखा करून घेतं.

आणि हो, रक्तदाब वाढलेला असेल तर स्मरणशक्ती जपायला आधी तो आटोक्यात आणा. तिथे मेथी पुरणार नाही.