बिल एव्हान्सच्या एवढ्या रेकॉर्डी आहेत, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न असा आहे: शास्त्रीय संगीत बरीच वर्षं ऐकताय, जॅझ नवीन आहे, बिल एव्हान्सचा पियानो कुठेतरी कानावर पडला आणि मनात राहिला. पण शोधायला गेलात तर अल्बमांची यादी संपेचना, आणि त्यातले निम्मे तो गेल्यानंतर आलेले. सगळं ऐकायला हवं का, आणि पहिलं काय लावायचं?

सगळं ऐकू नका. निदान आत्ता तरी नको. तुम्ही शास्त्रीय ऐकणारे आहात, म्हणून तुमच्या सवयीचाच रस्ता सांगतो: अल्बम धरू नका, चीज धरा. एकाच गवयाचा तोच राग तिशीतला, पन्नाशीतला आणि उतारवयातला आपण लावून बघतो ना, तसं. एव्हान्सला हा रस्ता चपखल बसतो, कारण त्याने जवळजवळ पंचवीस वर्षं मोजक्याच चिजा पुन्हा पुन्हा वाजवल्या. नवं काही सापडत नव्हतं म्हणून नव्हे. त्याच घरात अजून एक खोली असेल, असं त्याला शेवटपर्यंत वाटत राहिलं. निदान मला ऐकताना तरी तसंच वाटतं.

आधी मात्र एका रविवारी जाऊन या. २५ जून १९६१. न्यूयॉर्कमधला व्हिलेज व्हॅनगार्ड हा तळघरातला छोटा क्लब. पियानोवर एव्हान्स, डबल बेसवर स्कॉट लाफॅरो, ड्रमवर पॉल मोशन. रिव्हरसाइड कंपनीचा निर्माता ऑरिन कीपन्यूज मुद्रणाचं सामान घेऊन आला होता. त्या दिवशी तिघं पाच वेळा वाजवायला बसले, दुपारी दोनदा आणि संध्याकाळनंतर तीनदा. पहिल्याच चिजेच्या मध्ये वीज गेली. २००५ साली तीन सीडींचा पूर्ण संच निघाला, त्यात ते तुटलेलं मुद्रण तसंच ठेवलंय.

त्यातलं 'माय फूलिश हार्ट' लावा. रात्री, हेडफोनवर, दुसरं काही न करता. चाल इतकी संथ आहे की दोन सुरांच्या मधे पुढचा सूर येतोय की नाही, अशी धाकधूक होते. मोशन काठीऐवजी तारेचे ब्रश वापरतो आणि झांजेवरून हात फिरवावा तसा आवाज काढतो. लाफॅरो अगदी मोजके, खोल सूर देतो आणि मधली जागा मोकळी सोडतो. आणि मागे लोक बोलतायत. ग्लास वाजतो, कुणीतरी हसतं. पंचवीस वर्षांपूर्वी एका मित्राने कॉपी करून दिलेल्या सीडीवर मी हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा त्या बोलणाऱ्यांचा मला राग आला होता. आता त्या आवाजांशिवाय ते मुद्रण मला नको आहे. त्यांच्यामुळेच कळतं की हे देवघरात नाही, चार माणसं पीत बसली होती तिथे घडलं.

मग त्याच संचातलं 'ग्लोरियाज स्टेप' ऐका आणि फक्त बेसकडे कान ठेवा. त्याआधीच्या रिवाजात बेसवाल्याचं मुख्य काम होतं मात्रा चालत्या ठेवणं. लाफॅरो ते सोडून देतो. एव्हान्सने वाक्य अर्धवट टाकलं की हा वर चढून ते उचलतो, कधी उलट उत्तर देतो, कधी मधेच स्वतःचं काही सुरू करतो. ठेका कुणी ठोकून देत नाही, पण तिघांच्याही पोटात तो चालू असतो. तबल्याची साथ कधी लग्ग्यालड्यांची, कधी नुसता ठेका, कधी अंगावर येणारी, हे तुम्ही ऐकलेलं आहे. इथे मुळात मुख्य कलाकार आणि साथीदार ही वाटणीच पुसली जाते. जॅझमधल्या पियानो ट्रिओचं चित्र या मंडळींनी बदललं ते इथे.

अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफॅरो मोटार अपघातात गेला. पंचवीस वर्षांचा होता. त्या दिवसाच्या मुद्रणातून आधी 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड' हा अल्बम काढला तो त्याची आठवण म्हणून, त्यामुळे सुरुवातीला आणि शेवटी लाफॅरोनेच बांधलेल्या चिजा ठेवल्या. उरलेल्यातून पुढच्या वर्षी 'वॉल्ट्झ फॉर डेबी' निघाला. एव्हान्सने त्यानंतर कित्येक महिने ट्रिओ केलाच नाही.

आता चीज धरायची. 'वॉल्ट्झ फॉर डेबी' ही त्याने थोरल्या भावाच्या, हॅरीच्या, लहान मुलीसाठी बांधली. १९५६ च्या पहिल्या अल्बममध्ये, 'न्यू जॅझ कन्सेप्शन्स'मध्ये, ती एकट्या पियानोवर सव्वा मिनिटाची आहे. पोरीने फ्रॉक घालून गिरकी घ्यावी तेवढीच. १९६१ च्या व्हॅनगार्डमध्ये तीन मात्रांत सुरू होते आणि विस्ताराला लागताना चार मात्रांवर येते. ती कलाटणी नेमकी कुठे होते हे पकडायला मला दहा वेळा ऐकावं लागलं. १९६४ मध्ये स्वीडिश गायिका मोनिका झेटरलुंडबरोबर स्टॉकहोमला केली तेव्हा ती स्वीडिश भाषेत गायली गेली. आणि १९७५ मध्ये टोनी बेनेट गातो, सोबत नुसता एव्हान्सचा पियानो. त्या गाण्यात मुलगी मोठी होऊन खेळणी मागे टाकून जाणार, असे शब्द आहेत. चिजेचं वय तोवर एकोणीस वर्षं झालं होतं, आणि डेबीही खरोखर मोठी झाली होती. बेनेटबरोबरचा हा अल्बम नवख्याला फार लवकर आपलासा होतो. शब्द असतात, धरायला आधार मिळतो.

दुसरी चीज 'नार्डिस'. ही ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या नावावर आहे, पण त्याने स्वतः ती कधी रेकॉर्ड केली नाही. १९५८ मध्ये सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीच्या अल्बमसाठी ती दिली गेली आणि तिथे पियानोवर एव्हान्स होता. पुढे ती त्याचीच झाली. १९६१ च्या 'एक्स्प्लोरेशन्स'मध्ये ती आटोपशीर आहे, जेमतेम सहा मिनिटांची. त्याच्या शेजारी १९८० च्या उन्हाळ्यातली कुठलीही लावा. एव्हान्स एकटाच सुरू करतो, मुखडा लपवून ठेवतो, भलत्याच स्वरांतून फिरून येतो, आणि आपण तोंडातल्या तोंडात मुखडा म्हणत वाट बघत राहतो. बेसवरचा मार्क जॉन्सन आणि ड्रमवरचा जो लाबार्बेरा आत येतात तेव्हा कितीतरी वेळ गेलेला असतो. पंधरा मिनिटांच्या पुढे जाते ही चीज. हात आधीपेक्षा जड पडतात, लय ओढते, घाई जाणवते. तब्येत ढासळलेली होती. अमली पदार्थांनी त्याला अनेक वर्षं पोखरलं होतं आणि १९७९ मध्ये हॅरीही गेला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या कीस्टोन कॉर्नरमध्ये तो ३१ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर १९८० वाजवत होता. १५ सप्टेंबरला गेला, ५१ वर्षांचा होऊन. त्या आठवड्याचं मुद्रण आठ-आठ सीडींच्या दोन संचांत आलंय. तिथून सुरुवात करू नका. आधीचा माणूस ओळखीचा झाल्याशिवाय ते नुसतं दुःख वाटेल, आणि ते तेवढंच नाही.

मरणोत्तर मालाबद्दल विचारलंत म्हणून थोडं सविस्तर. यात दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारामुळे इतिहासच भरून निघाला. १९६८ मध्ये एडी गोमेझ (बेस) आणि जॅक डीजॉनेट (ड्रम) यांच्याबरोबरचा ट्रिओ जेमतेम सहा महिने टिकला, आणि कितीतरी वर्षं त्यांचा एकच अल्बम लोकांना माहीत होता, स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या महोत्सवातला. मग २०१६ मध्ये जर्मनीत फिलिंगेनच्या स्टुडिओत, त्या मैफिलीनंतर पाचच दिवसांनी केलेलं मुद्रण बाहेर आलं. पुढच्या वर्षी आणखी दोन दिवसांनंतरचं, नेदरलँड्समधल्या हिल्व्हर्समचं. २०२० मध्ये लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबमधलं, जे डीजॉनेटने स्वतःजवळ जपून ठेवलं होतं. ज्या ट्रिओचं एकच पान होतं त्याची आता चांगली वही झाली आहे. हे ऐकाच.

दुसरा प्रकार अवघड आहे. 'सीक्रेट सेशन्स' नावाचा आठ सीडींचा संच १९९६ मध्ये निघाला. एक चाहता १९६६ पासून जवळजवळ दशकभर व्हॅनगार्डमध्ये टेपरेकॉर्डर लपवून नेत होता आणि एव्हान्सला न सांगता रेकॉर्ड करत होता. आपल्याकडे शालीखाली कॅसेट रेकॉर्डर ठेवून केलेली मैफिलींची मुद्रणं हातोहात फिरली, आणि त्यांतूनच कित्येकांच्या गाण्याचा पुरावा उरला. म्हणून मला त्या चाहत्याला दोष देववत नाही. पण काय बाहेर जायचं आणि काय नाही याबाबत एव्हान्स फार काटेकोर होता, आणि इथे त्याला कुणी विचारलंच नाही. मी ते ऐकतो, पण कुणाला भेट देणार नाही.

आणि तरीही, त्याच्या हयातीत न निघालेला एक अल्बम मी सगळ्यांच्या वर ठेवतो: 'यू मस्ट बिलीव्ह इन स्प्रिंग'. ऑगस्ट १९७७ मध्ये स्टुडिओत झाला, तो गेल्यावर १९८१ मध्ये निघाला. 'वी विल मीट अगेन' ही हॅरीसाठीची चीज त्यात आहे, हॅरी जिवंत असताना वाजवलेली.

तानपुरा लागला की मन बसतं अशी सवय असेल तर एकट्या पियानोवरचं 'पीस पीस' मधेच केव्हाही ऐका, डिसेंबर १९५८ चं. डावा हात पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच दोन स्वरसमूहांवर झुलतो आणि उजवा हात त्यावर हळूहळू दूर जातो, इतका दूर की सूर पक्ष्यांच्या आवाजासारखे विस्कटतात, मग परत येतो. मैफिलीत ते त्याने जवळजवळ वाजवलंच नाही. माइल्सचा 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम तुम्ही बहुधा ऐकला असेलच. 'फ्रेडी फ्रीलोडर' सोडून बाकी सगळीकडे पियानो एव्हान्सचाच आहे, आणि वेष्टनावरचा लेखही त्याचा. खोडता न येणाऱ्या जपानी चित्रकलेशी त्याने तिथे उत्स्फूर्त वादनाची तुलना केली आहे.

'कन्व्हर्सेशन्स विथ मायसेल्फ'ला पहिलं ग्रॅमी मिळालं, एकावर एक तीन पियानो स्वतःच वाजवलेत. मला त्यात दोन माणसं कमी वाटतात. तुम्हाला आवडू शकेल, पण शेवटी ठेवा.

आज रात्री 'माय फूलिश हार्ट' ऐका. उद्या तेच पुन्हा. परवा सव्वा मिनिटाची डेबी आणि लगेच तिच्यामागे व्हॅनगार्डची. कलाटणी कुठे होते ते तुम्हाला किती वेळात सापडलं, ते इथे खाली लिहा.