बोटीवर घरगुती इलेक्ट्रॉनिक्स: आधी फ्यूज काढून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मालवणला २८ फुटी फायबरची मासेमारी बोट आहे, आत डिझेल इंजिन, १२ व्होल्टची एकच बॅटरी. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक, पुढे नुसता 'पाय') आणि स्वस्तातले सेन्सर घेऊन जीपीएस, एआयएस (जहाजं आपली जागा रेडिओवर सांगतात ती यंत्रणा), पाण्याची खोली, इंजिनाचं तापमान आणि बॅटरी हे सगळं एका स्क्रीनवर आणता येईल का, आणि त्यावर भरवसा ठेवता येईल का?

स्क्रीनवर आणणं एका रविवारचं काम आहे. भरवशापर्यंत पोचायला मला तीन हंगाम लागले.

माझं दापोलीत इन्व्हर्टर-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे आणि मामांची बोट हर्णैला. पहिल्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने सगळं एका डब्यात बसवून जोडलं, स्क्रीनवर नकाशा आला, खलाशी जमा झाले, फोटो निघाले. मामांनी फक्त एक विचारलं, "हा तुझा डबा मध्येच मेला तर मी घरी यायचं कसं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे डबा खरंच मेला, एकदा नाही, चार-पाचदा. मग मामा जेटीवर पाय ठेवताच हाक मारायचे, "काय रे, आज परत पाय मोडला का?"

म्हणून माझी पहिली सूचना: बोट जेटीला बांधलेली असताना इंजिन चालू करा आणि पायचा फ्यूज काढा. काय काय बंद पडलं ते बघा. नकाशाची स्क्रीन गेली, चालेल. पण तळातलं पाणी उपसणारा पंप, दिवे, व्हीएचएफ (बोटीचा बोलायचा रेडिओ) किंवा इंजिनाचा कंपनीने दिलेला काटा आणि बझर यातलं काहीही बंद पडलं, तर जोडणी चुकली आहे. पंप फ्लोट स्विचवरून (पाणी चढलं की आपोआप चालू होणारा) थेट बॅटरीला, स्वतःच्या फ्यूजसह. पायने फार तर पंप किती वेळा चालला ते मोजावं. त्याला चालू-बंद करायचा अधिकार द्यायचा नाही. यूट्यूबवर मोबाइलवरून पंप चालवणारे बरेच दिसतात. त्यांना करू दे.

आता वीज. माझ्या अनुभवात बिघाडांचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं, आणि लोक मात्र सॉफ्टवेअर बदलत बसतात. तुमची १२ व्होल्टची बॅटरी १२ व्होल्टची नसते. भरलेली, शांत असताना १२.६ च्या आसपास, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा, इंजिनावरचा) चालू असताना १४.४ पर्यंत, आणि स्टार्टर मारला की क्षणभर ९-१० किंवा त्याहूनही खाली. पायला लागतात नीट ५ व्होल्ट. साधारण ४.६३ च्या खाली गेलं की तो कमी व्होल्टेजची तक्रार नोंदवतो आणि स्वतःचा वेग कमी करतो, आणखी खाली गेलं की बंद. म्हणजे स्टार्टर मारला की पाय रीस्टार्ट, आणि रीस्टार्ट होताना त्याच्या मेमरी कार्डावर काही लिहिणं चालू असेल तर कार्ड खराब. पहिल्या हंगामात माझी तीन कार्डं अशी गेली. मी कार्डांना शिव्या देत होतो, दोष स्टार्टरच्या झटक्याचा होता.

तेव्हा पहिला खर्च दुसऱ्या बॅटरीवर करा. स्टार्टरची वेगळी, बाकी सामानाची वेगळी, मध्ये व्होल्टेज बघून जोडणारा रिले. ५ व्होल्टसाठी सिगारेट-लायटरमधला मोबाइल चार्जर नको. ९ ते ३६ व्होल्ट इनपुट घेणारा, सीलबंद डीसी-डीसी कन्व्हर्टर घ्या. पुढे बोट २४ व्होल्टची झाली तरी तोच चालेल. कन्व्हर्टरपासून पायपर्यंतची वायर जाड आणि आखूड ठेवा. बारीक यूएसबी केबलमध्येच अर्धा व्होल्ट सहज गळतो, आणि मीटर कन्व्हर्टरवर ५ दाखवत असताना पाय उपाशी मरतो. मीटर नेहमी पायच्या टोकाला लावून मोजा, तेही स्क्रीन आणि सगळं सामान चालू असताना.

हिशेब असा: पाय (मॉडेल ४) सरासरी ५ वॉट, १० इंची स्क्रीन ८, बाकी किरकोळ १. एकूण १४ वॉट, म्हणजे १२ व्होल्टला सव्वा अँपिअरच्या आत-बाहेर. रात्री इंजिन बंद करून दहा तास जाळ्यावर थांबलात तर १२ अँपिअर-तास गेले. १०० अँपिअर-तासांच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतले निम्मेच वापरायचे असतात, त्यामुळे जमतं, पण स्क्रीन बंद करायचं बटण ठेवा. निम्म्याहून जास्त वीज तीच खाते. आम्ही आता स्क्रीन ठेवतच नाही. तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) जुना मोबाइल प्लास्टिकच्या पाऊचमध्ये गळ्यात अडकवतो आणि पायच्या वायफायवर सगळं बघतो.

स्वस्त बक कन्व्हर्टरची (व्होल्टेज उतरवणारा) आणखी एक खोड आहे. तो व्हीएचएफच्या पट्ट्यात आवाज करतो. एआयएस चालतं १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे व्हीएचएफच्या शेजारीच. चॅनेल १६ लावा, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) खरखर जेमतेम बंद होईल इतकाच ठेवा आणि तुमच्या डब्याची वीज चालू-बंद करा. डबा चालू केल्यावर खरखर आली, तर तुम्ही स्वतःच स्वतःचे कान बंद करताय. कन्व्हर्टर बदला, वायरींना फेराइट (असा आवाज शोषणारं कडं) लावा, डबा अँटेनापासून लांब न्या.

कंपासचंही तसंच. अलार्मसाठी मी एक छोटा स्पीकर केबिनमध्ये बसवला होता, कंपासपासून वीतभर अंतरावर. माझ्या लक्षात आलं नाही, तांडेलाच्या आलं: सुवर्णदुर्ग डोळ्यांसमोर, आणि काटा भलतीकडे. स्पीकरला लोहचुंबक असतो एवढं साधं मी विसरलो होतो. वीज नेणाऱ्या वायरीही कंपासजवळून जात असतील तर प्लस-मायनसची जोडी एकमेकींना पीळ घालून न्या.

सॉफ्टवेअरची बाजू त्या मानाने सोपी आहे. मधोमध सगळ्या यंत्रांची माहिती गोळा करणारा सिग्नल-के सर्व्हर, नकाशाला ओपनसीपीएन. दोन्ही फुकट आणि मुक्त. ओपनप्लॉटर घेतलंत तर हे एकत्रच मिळतं. सिग्नल-केची एक गंमत: तो आत सगळं शास्त्रीय एककांत ठेवतो. तापमान केल्विनमध्ये, इंजिनाचे फेरे मिनिटाला नाही तर सेकंदाला. तयार पानं हे रूपांतर करतात, पण मी हौसेने स्वतःचं पान लिहिलं आणि रूपांतर विसरलो. इंजिन ३५५ वर बघून खलाशाने डिझेलच बंद करायला घेतलं होतं. ते ८२ अंश सेल्सिअस होते.

नकाशाबद्दल मात्र मी कडक आहे. फुकटचे नकाशे दिशा कळायला ठीक, पण मालवणच्या खडकांत त्यांच्या भरवशावर शिरू नका. भारताचे अधिकृत सागरी नकाशे देहरादूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं. आणि तुमच्या तांडेलाच्या डोक्यातला नकाशा त्याच्याही पुढचा.

जुना फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे आणि तळ दाखवणारं यंत्र) असेल तर त्यातून खोली मिळते. त्याचा एनएमईए ०१८३ (सागरी यंत्रांची माहिती पाठवायची जुनी पद्धत) आउटपुट थेट पायच्या पिनांना लावू नका, त्या ३.३ व्होल्टच्या आहेत, जळतील. आरएस-४२२ ते यूएसबी कन्व्हर्टर लावा, माहितीचा वेग (बॉड) ४८००. एआयएस रिसीव्हरचा ३८४००. इथे एक सापळा आहे: लिनक्स या कन्व्हर्टरना जसे सापडतील तसे शून्य, एक असे नंबर देतो, आणि पुढच्या वेळी ते उलटेही होऊ शकतात. आमचं एकदा झालं, जीपीएस गायब आणि खोलीही गायब. प्रत्येक यंत्राला कायमचं नाव बांधून द्या. आणि दोन कन्व्हर्टर एकाच स्वस्त जातीचे असतील तर त्यांचा सीरियल नंबरही सारखाच असू शकतो. मग कोणत्या यूएसबी भोकात बसलाय त्यावरून नाव द्यावं लागतं, आणि भोकावर पेंटने खूण करावी लागते.

बोटीवर एनएमईए २००० ची (त्याच कामाची नवी पद्धत) लाइन असेल आणि ती रुसली, तर सगळी वीज बंद करून दोन सिग्नल वायरींमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास हवेत, कारण दोन टोकांना १२०-१२० चे टर्मिनेटर असतात. १२० आले तर एक टोक सुटलंय.

कार्डाचा कायमचा इलाज म्हणजे त्यावर लिहूच न देणं. पायच्या रास्पी-कॉन्फिग या सेटिंगमध्ये ओव्हरले फाइल सिस्टिमचा पर्याय आहे. तो चालू केला की कार्ड फक्त वाचलं जातं, कधीही वीज गेली तरी चालतं. मार्ग साठवायचे असतील तर वेगळ्या पेनड्राइव्हवर. वॉचडॉगही चालू करा, म्हणजे पाय गोठला तर स्वतःच रीस्टार्ट होतो. पाय ४ ला घड्याळाची बॅटरी नसते आणि समुद्रात इंटरनेट नाही, तेव्हा वेळ जीपीएसवरून घ्यायला शिकवा. आणि सगळं नीट चाललं की त्या कार्डाची हुबेहूब दुसरी प्रत काढा, सिलिका जेलच्या पुडीसोबत पिशवीत घालून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. आमच्याकडे सर्वात तरुण खलाशी कार्ड बदलतो, मला फोनही करत नाही. हंगाम चालू असताना अपडेट करू नका. कितीही हात शिवशिवले तरी.

इंजिनावर ईएसपी३२ (छोटा, स्वस्त कंट्रोलर बोर्ड) बसवा, पाय नको. तापमानाला डीएस१८बी२० हा सेन्सर चालतो, तो १२५ अंशांपर्यंत मोजतो. जागा मात्र नीट निवडा. समुद्राचं पाणी घेऊन थंड होणाऱ्या इंजिनात इनटेकला प्लास्टिकची पिशवी अडकली की एक्झॉस्टचा, पाणी मिसळतं तो कोपर आधी तापतो, इंजिनाचा काटा नंतर हलतो. म्हणून एक सेन्सर त्या कोपरावर, दुसरा थर्मोस्टॅटच्या घरावर. कोपरावरच्या एका सेन्सरने मामांचं मत बदललं: अंजर्ल्याच्या समोर बझर वाजला, इंजिन थांबवलं, गाळणीतून दुधाची पिशवी निघाली. बझर ईएसपी३२ लाच जोडलेला होता, हे महत्त्वाचं. वायफाय, सर्व्हर, मोबाइल एवढी साखळी पार करून अलार्म वाजणार असेल तर तो नेमका हवा त्या दिवशी वाजणार नाही.

एआयएसबद्दल भ्रम ठेवू नका. तुम्ही फक्त ऐकणार आहात, दिसणार नाही. तुमचा अँटेना पाण्यापासून ४ मीटरवर आणि जहाजाचा २५ वर असेल तर साधारण १५ सागरी मैलांवरून जहाज दिसेल, रात्री याचा फार उपयोग होतो. पण आपल्या किनाऱ्यावरच्या लहान होड्यांवर बहुधा एआयएस नसतं. स्क्रीन रिकामी म्हणजे समुद्र रिकामा नव्हे. प्रक्षेपण करणारं एआयएस घरी बनवायच्या फंदात पडू नका. तिथे मान्यताप्राप्त यंत्र आणि रीतसर मिळालेला क्रमांकच हवा. मच्छीमार बोटींसाठी इस्रोने तयार केलेले ट्रान्सपाँडर (संदेश देणारी-घेणारी यंत्रं) सरकार देतंय, ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला १ लाख बोटींच्या त्या योजनेची सुरुवात झाली. तो बसवलेला असेल तर त्याची वायर, वीज, अँटेना कशालाही हात लावू नका. डब्याच्या झाकणावर तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहा, तो डब्यापेक्षा जास्त कामाचा आहे.

आणि खारं पाणी. मी आयपी६७ चा (धूळ-पाणी शिरू न देणारा) महागडा डबा घेतला, रबरी गास्केट, सगळं घट्ट. ऑक्टोबरमध्ये उघडला तर आत चमचाभर पाणी. दिवसा तापून हवा बाहेर जाते, रात्री गार होऊन दमट हवा आत ओढली जाते, आणि आलेलं पाणी बाहेर जायला वाट नाही. आता सगळ्या वायरी खालून आत येतात, आत येण्याआधी खाली झोळ घेतात म्हणजे थेंब तिथेच गळतात, आणि डब्याच्या तळाला एक बारीक भोक आहे. बोर्डांवर अ‍ॅक्रिलिक कोटिंग, कनेक्टर सोडून. वायर कथिल चढवलेल्या तांब्याची. साध्या वायरचं तांबं दोन वर्षांत आतपर्यंत काळं-हिरवं पडतं. वायरी जोडताना डाग (सोल्डर) देऊ नका, क्रिंप करा, म्हणजे टोकावर धातूची नळी दाबून बसवा. डाग दिलेल्या जागी वायर कडक होते आणि डिझेलच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. शाळेच्या प्रोजेक्टमधल्या रंगीत जंपर वायरी तर घरीच ठेवा, त्या हर्णै सोडायच्या आत सुटतात.

सगळं मिळून, स्क्रीन धरून, माझे पंचवीस हजारांच्या वर गेले. वाया गेलेली कार्डं वेगळी. कामाला वेळ म्हणाल तर १ जून ते ३१ जुलैची बंदी आहेच. डबा घरी टेबलावर जोडा आणि ते दोन महिने एकदाही हात न लावता चालू ठेवा, रोज दोनदा वीज खेचून. टेबलावर जो मरतो तो समुद्रात जगत नाही.

तुम्ही इंजिन कोणतं ते लिहिलेलं नाही. अल्टरनेटरच्या मागे डब्ल्यू असं लिहिलेलं टर्मिनल आहे का ते बघून खाली कळवा. असेल तर फेरे मोजायला वेगळा सेन्सर लागणार नाही, एका ऑप्टोकपलरवर (सिग्नल प्रकाशाने पलीकडे नेणारी छोटी चिप) भागेल. त्याचं सर्किट कागदावर काढून फोटो टाकतो.