लोकल आल्यावर विमानतळाच्या एक्सप्रेस गाडीचं काय होणार, आणि मोपाला काय हवं?

तुम्ही विचारलंय की लंडनसारख्या शहरांत विमानतळासाठी न थांबणारी खास गाडी असते, शेजारून नवी लोकल आली की ती टिकेल का, आणि गोव्यानं मोपा विमानतळासाठी तशी गाडी मागावी का. मी पेडण्याचा, मोपा माझ्याच तालुक्यात. माझं उत्तर असं की गाडी जरूर मागा, पण थांबत जाणारी मागा.

लंडनची हीथ्रो एक्सप्रेस १९९८ पासून हीथ्रो विमानतळावरून १५ मिनिटांत शहरातल्या पॅडिंग्टन स्टेशनला पोचवते. वेगात तिला आजही तोड नाही. पण बहुतेकांना पॅडिंग्टनला जायचंच नसतं, तिथं उतरून बॅगा ओढत दुसरी गाडी धरावी लागते. २०२२ मध्ये एलिझाबेथ लाइन ही थांबत जाणारी नवी लोकल सुरू झाली आणि त्याच नोव्हेंबरपासून तिची गाडी हीथ्रोहून थेट शहराखालून लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनच्या पुढे जाऊ लागली, तीही बरंच कमी भाडं घेऊन. एक्सप्रेस बंद पडलेली नाही, पण तिची गरज किती जणांना उरली हा प्रश्न आहेच. बँकॉकमध्ये २०१० ला एकाच मार्गावर एक्सप्रेस आणि थांबत जाणारी अशा दोन्ही गाड्या सुरू झाल्या. एक्सप्रेस २०१४ मध्ये बंद झाली, थांबणारी अजून धावते. टोरांटोनं २०१५ मध्ये साडेसत्तावीस डॉलर तिकीट ठेवलं, डबे रिकामे धावले. पुढच्या वर्षी ते १२ डॉलर केल्यावर गाड्या भरू लागल्या, कारण वाटेतल्या स्टेशनांवरचे नोकरदारही चढू लागले. दिल्लीच्या एअरपोर्ट लाइनचीही भाडी उतरल्यावरच गर्दी वाढली.

मला सगळ्यांत पटतं ते क्वालालंपूर. तिथं एकाच रुळावरून न थांबणारी एक्सप्रेस जाते आणि मधली स्टेशनं घेणारी ट्रान्झिटही जाते. दोन्हींच्या वेळेत थोड्याच मिनिटांचा फरक आहे. एका रुळाचा खर्च दोन तऱ्हेच्या प्रवाशांत वाटला जातो.

यामागचं कारण साधं आहे. पर्यटक विमानतळावर वर्षातून एकदोनदा येतो. सुरक्षारक्षक, लोडर, सफाई कामगार आणि दुकानातली मुलं रोज येतात-जातात. मोपावर कामाला येणाऱ्यांत पेडणे, डिचोलीबरोबर सावंतवाडी-दोडामार्गकडचेही आहेत. पणजीहून सुटून थेट टर्मिनलला लागणारी महागडी गाडी त्यांच्या काय कामाची?

आता गोव्याची अडचण. कोकण रेल्वे पेडण्यातूनच जाते, पण गोव्यात ती एकेरी आहे. २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण झालं, रूळ मात्र एकच राहिला. समोरून राजधानी आली की पॅसेंजर क्रॉसिंगला थांबते. अशा रुळावर आणखी एक न थांबणारी गाडी घातली, तर तिची वाट मोकळी करायला आपली पॅसेंजरच बाजूला उभी राहणार. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं तेव्हा अख्खी वाहतूक थांबली होती, कारण पर्यायी रूळच नाही. म्हणून आधी पेडणे ते मडगाव दुहेरीकरण, मग सावंतवाडी, पेडणे, थिवी, करमळी, वेर्णा, मडगाव अशी थांबत जाणारी शटल, आणि पेडणे स्टेशनवर प्रत्येक गाडीला जोडून टर्मिनलपर्यंत कदंबाची, म्हणजे गोव्याच्या सरकारी महामंडळाची, बस. मोपाच्या सड्यावर रूळ चढवायचा खर्च मोठा आहे, तो नंतर बघता येईल.

दुहेरीकरण म्हटलं की दक्षिण गोव्यात लोकांना वास्को मार्गावरून बंदरातला कोळसा नेणाऱ्या गाड्या आठवतात, नवा रूळही कोळशासाठीच वापरला जाईल असं वाटतं, आणि ती भीती खरी आहे. म्हणून नवा रूळ प्रवासी गाड्यांसाठी राहील, हे मागणीतच लिहून घ्यायला हवं.

नुसता रूळ जवळ असून भागत नाही हे गोव्याच्या जुन्या दाबोळी विमानतळानं दाखवलंय. विमानतळाजवळच दाबोळी स्टेशन आहे, वास्को-कुळे पॅसेंजर तिथं थांबते, तरी विमानातून उतरलेला माणूस टॅक्सीच धरतो. दिवसाकाठी मोजक्याच गाड्या असल्या तर विमान चुकवायचा धोका कोण घेणार? त्यामुळे उद्या मोपाच्या रेल्वेचा आराखडा समोर आला तर वेगाचा आकडा नंतर वाचा. तासाला किती गाड्या, तिकीट किती, आणि रात्रीची शेवटची गाडी किती वाजता, हे आधी विचारा. मोपावर विमानं रात्रीही उतरतात, आणि रात्रपाळी संपवून घरी जाणाऱ्याला तीच गाडी हवी असते.